ठेवीतला फोन

माझ्या शेजारणीचा फोन साडेसात महिने माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहत होता. शेजारीण स्वतः कॅनडात, मुलाकडे. फोन साधा, बटणांचा, आणि त्यात तिचं जुनं सिमकार्ड. खिडकीत ठेवायचं कारण एवढंच, की कोपरीतल्या आमच्या इमारतीत रेंज खिडकीच्या जाळीपर्यंत येते आणि तिथेच थांबते. बोलावल्याशिवाय आत येत नाही, आणि बोलावलं तरी येत नाही.

आमच्या मजल्यावर दोनच घरं आहेत. एक तिचं, एक माझं. एकोणचाळीस वर्षं आमची दारं समोरासमोर उघडत आली. ती सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली, मी कल्याणच्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून. तिचा आवाज मोठा, कारण तिला आयुष्यभर काउंटरपलीकडच्या रांगेशी बोलावं लागलं. माझा बारीक, कारण मी आयुष्यभर लोकांना गप्प केलं. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे लोक अजूनही विचारतात आणि मी दर वेळी नवं कारण देते. त्यातली दोन-तीन आता मलाही पटू लागली आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती हा फोन घेऊन माझ्याकडे आली.

"हे बघ, ग्रंथपाल," ती म्हणाली. ती मला नावानं कधीच हाक मारत नाही. "रोमिंगचा भाव ऐकलास का? तेवढ्यात मी इथे वर्षभर बोलेन."

"तू तशीही वर्षभर बोलतेसच."

"ऐक तर. माझा मोठा फोन मी नेतेय. तिकडे घरच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालेल, आपण बोलू. पण इथला नंबर तिकडे चालणार नाही. आणि माझं सगळं या नंबराला बांधलेलं. मेल, लाइट बिल, गॅस, विमानाचं तिकीट. काही उघडायला गेलं की सहा आकडे येतात. ते या फोनवर येतील. तू वाचायचे, मी तिकडे टाकायचे. झालं."

"आणि मी बाहेर गेलेली असले तर?"

"तू कुठे असतेस बाहेर?"

मी फोन घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

ही पद्धत तिनं शोधलेली नव्हती. पूर्वी आमच्या इमारतीत गावाला जाताना लोक शेजाऱ्याकडे किल्ली ठेवत. मग किल्लीबरोबर तुळशीला पाणी घालण्याचं काम आलं. आता मुलं परदेशी आणि आईबाप अधूनमधून तिकडे, त्यामुळे शेजाऱ्याकडे फोन ठेवतात. अशा फोनला आमच्याकडे 'ठेवीतला' म्हणतात. पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे असे दोन होते आणि त्या ते एकाच प्लास्टिकच्या डब्यात ठेवत. एकदा त्यांनी एकीचे आकडे दुसरीला सांगितले आणि दोन खंडांत दोन बायका अर्धा तास आपापल्या सुनांवर चिडून बसल्या. मी माझ्या फोनला स्वतंत्र खिडकी दिली होती.

ती सहा महिन्यांसाठी चालली होती. सहा महिने हा शब्द आमच्या इमारतीत फसवा आहे. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं सहा महिन्यांसाठी गेलं, त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या दारावर गेल्या गुढीपाडव्याला कुणी तोरण बांधलं नाही, आणि त्याच्या आदल्यालाही नाही. म्हणून ती गेली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ही परत येणार की नाही. आली नाही तर या मजल्यावर मी एकटी. बाकीची इमारत आहे, पण ती खाली आहे.

पहिले आकडे आले ते तिच्या मेलचे. तिकडच्या कॉम्प्युटरवर तिनं मेल उघडायला घेतली आणि मेलला संशय आला, की ही बाई खरी की कुणी तोतया. मेलचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलाच्या घरी आठ दिवस राहिलं की आपण खरे कोण याचा संशय माणसालाही येतो.

"सांग," ती म्हणाली.

"पंचेचाळीस, त्र्याण्णव, अडुसष्ट."

"नुसते आकडे सांग गं! इथे नातू बसलाय टाइप करायला. त्याला त्र्याण्णव म्हणजे काय ते कळत नाही."

"चार, पाच, नऊ, तीन, सहा, आठ."

"झालं. उघडली." मग थोडं थांबून, "तिकीट आहे हं. परतीचं. बघितलं. आहे."

मी विचारलं नव्हतं. तिनं ते मला सांगितलं, यावर मी पुढचे आठ दिवस काढले.

मग एक वेळ ठरून गेली. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, तिच्याकडे सकाळ. मी कुकर उतरवून खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. एका हातात माझा फोन, समोर तिचा. तिचा टुणकन वाजायचा, मी चष्मा कपाळावरून खाली घ्यायची. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक ओळ असते: हा क्रमांक कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यांनासुद्धा नाही. ती ओळ मी रोज वाचायची आणि लगेच क्रमांक सांगायची. आयुष्यभर मी नियमावलीच्या बाजूनं होते. पुस्तक एक दिवस उशिरा आणणाऱ्याला मी सोडलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी नियम मोडायला लागले आणि लक्षात आलं, की त्यात फार काही थरार नसतो. फक्त चष्मा लागतो.

आकडे सांगायला अर्धं मिनिट लागायचं. बोलणं अर्धा तास चालायचं. तिकडची थंडी, तिकडची भेंडी, सुनेनं डाळीत घातलेली साखर.

"साखर? तुझी सून तर तुमच्याच कोकणातली ना?"

"कोकणातलीच. पण तिनं व्हिडिओ बघितला."

दुसऱ्या महिन्यात मला एक गोष्ट दिसायला लागली. ती दर चार-पाच दिवसांनी लाइट बिलाचं खातं उघडायची. बंद घराचं बिल. सगळी बटणं बंद, फ्रिजसुद्धा रिकामा करून उघडा ठेवलेला. अशा घराचं बिल पाच दिवसांत बघण्यासारखं काय होतं? मेल तर ती रोज बंद करायची आणि रोज नव्यानं उघडायची. तिच्या नातवानं तिला म्हटलेलं मी ऐकलं, की आजी, लॉगआउट करूच नकोस ना, मग कोड लागणारच नाही. "सुरक्षा म्हणून एक गोष्ट असते," ती त्याला म्हणाली. पासवर्ड गॅसच्या डायरीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवणारी बाई ही.

मी तिला काही बोलले नाही. तीही मला बोलली नाही. आम्ही दोघी त्या सहा आकड्यांशी फार प्रामाणिकपणे वागत होतो.

त्या फोनवर कुणी न मागितलेले संदेशही यायचे. कर्ज घ्या, चष्मा घ्या, तीन खोल्यांचं घर घ्या. एके दिवशी सकाळी तिच्या यजमानांच्या नावानं एका विमा कंपनीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. आपणांस उदंड आयुष्य लाभो, आणि सोबत आयुष्याचं नूतनीकरण करण्यासाठी एक दुवा. संध्याकाळपर्यंत मी ठरवत होते, हे वाचून दाखवायचं की नाही. शेवटी तिनंच विचारलं.

"आज त्याचा वाढदिवस. त्या विमावाल्यांचा मेसेज आला असेल."

"आलाय."

"दर वर्षी येतो. एकदा मी ऑफिसात जाऊन सांगून आले, की माणूस नाही राहिला. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, त्यासाठी त्यांच्या नंबरवर ओटीपी जाईल." ती हसली. मग म्हणाली, "वाच ना. काय लिहिलंय?"

मी वाचलं. त्या दिवशी कुठलेही आकडे न मागता तिनं फोन ठेवला.

चौथ्या महिन्यात आमच्या सोसायटीनं गच्चीवर सायबर सुरक्षेबद्दल व्याख्यान ठेवलं. व्याख्यान म्हणजे आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. विषयाला हात लागेपर्यंत पाऊण तास गेला होता आणि मागच्या दोन रांगा चहाकडे सरकल्या होत्या. पाहुणे तरुण होते, सुटात होते आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून आमच्याकडे असे बघायचे, की जणू आम्ही ते लिहून घेत असू.

"तर मला सांगा," ते म्हणाले, "ओटीपी कोणाला सांगायचा?"

"कोणालाही नाही!" सगळी गच्ची एका सुरात ओरडली.

"बँकेचा माणूस म्हणाला तर?"

"नाही!"

"पोलीस म्हणाला तर?"

"नाही!"

"सख्खा भाऊ म्हणाला तर?"

यावर थोडी कुजबुज झाली, कारण सख्ख्या भावांचे प्रश्न आमच्याकडे निराळे आहेत. पण शेवटी "नाही" आलं. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये टुणकन आवाज झाला. आज घरी नाही म्हणून मी ठेवीतला फोन बरोबर आणला होता. शेजारच्या खुर्चीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाई माझ्या कानाशी आल्या.

"तुमचा की ठेवीतला?"

"ठेवीतला."

"जा जा, जिन्यात जा. तिथून ऐकू येणार नाही. माझा पण मघाशीच येऊन गेला."

मी जिन्यात गेले. वरून टाळ्यांचा आवाज येत होता आणि मी भिंतीला टेकून सहा आकडे कॅनडाला सांगत होते.

"कसला गोंधळ चाललाय?" तिनं विचारलं.

"तुझे आकडे तुला सांगू नयेत म्हणून व्याख्यान आहे."

"शाल दिली का?"

"दिली."

"नारळ?"

"तोही."

"मग बरोबरच असेल तो." ती पोट धरून हसली. मीही. जिन्यात उभं राहून एकटीनं हसणाऱ्या बाईकडे वर येणाऱ्या पाणीवाल्यानं जरा बघितलं.

हे मी इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण त्यानंतर आम्ही तसं हसलो नाही.

ते आकडे विमान कंपनीचे होते. मी वाचताना शब्दांकडे नीट बघितलं नव्हतं. घरी येऊन पुन्हा वाचलं: प्रवासाच्या तारखेत बदल. दुसऱ्या दिवशी तिनं ओझरतं सांगितलं, की व्हिसा वाढवून मिळतोय, नातवाची परीक्षा आहे, दोन महिने पुढे ढकललंय.

"दोनच महिने," ती म्हणाली.

"हो, दोन म्हणजे काही फार नाहीत," मी म्हणाले.

त्यानंतर मेल रोज उघडणं थांबलं. लाइट बिलसुद्धा महिन्याचं महिन्याला झालं. तिकडे तिला बागेत फिरायला जाणाऱ्या बायकांचा एक गट मिळाला होता. त्यात एक नागपूरची होती, एक गुजराती, आणि एक अशी, की जिची भाषा कुणालाच येत नव्हती पण ती सगळ्यांत जास्त बोलायची. फोन आठवड्यातून दोनदा यायला लागला, मग एकदा. मी खिडकीतली खुर्ची हलवली नाही. साडेसातला कुकर उतरवून मी तिथे बसायची आणि एखादं पुस्तक वाचायची. वाचनात लक्ष असायचं असं म्हणणं खोटं होईल. एकाच पानावर मी तीन संध्याकाळी होते. ग्रंथपालाला हे शोभत नाही.

सिमकार्ड जिवंत ठेवायचं काम माझंच होतं. फोन कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. ते दिवस संपले आणि रिचार्ज केलं नाही, तर काही दिवसांनी आकडे येणं बंद होतं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवायची. तिनं विचारायच्या आधी मी ते केलेलं असायचं.

सहावा महिना संपत आला होता. एका गुरुवारी साडेसातला तिचा फोन आला. मला इतका आनंद झाला, की मी "बोल" म्हणायच्या ऐवजी "ये" म्हणाले.

"घाईत आहे गं," ती म्हणाली. "एक आकडा येईल बघ आत्ता. तेवढा सांग. आणि काल मी बटाट्याची भाजी केली होती, आपल्याकडची, कढीपत्ता मिळाला इथे. सगळ्यांनी खाल्ली."

टुणकन झालं. या वेळी मी आधी शब्द वाचले. इंग्रजीत होते, पण स्पष्ट होते. गॅस कनेक्शन परत करण्याच्या आपल्या विनंतीची खातरी करण्यासाठी. खाली सहा आकडे. दहा मिनिटं वैध.

माणूस तिकीट पुढे ढकलतो. फ्रिज बंद ठेवतो. पण परत यायचं असेल तर गॅस परत करत नाही. गॅस असलेल्या घरात माणूस कधीही येऊन चहा ठेवू शकतो.

"आला का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

हा शब्द मी ठरवून उच्चारला नाही. तो माझ्या आधी तिथे पोचला होता.

"असं कसं? थांब, परत पाठवते." परत टुणकन. मी फोनवर हात ठेवला, म्हणजे आवाज तिच्याकडे जाऊ नये. "आता?"

"नाही गं. रेंज नसेल."

तिसऱ्यांदाही मी तेच सांगितलं. तीन वेळा झाल्यावर त्यांची यंत्रणा चोवीस तास कुलूप लावते, असं तिला तिथे दिसलं. "जाऊ दे, उद्या बघू," म्हणून तिनं फोन ठेवला. मी त्या तीन संदेशांसमोर बसून राहिले. दहा मिनिटांनी पहिला मेला, मग दुसरा, मग तिसरा. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. चोवीस तासांसाठी मी तिला परत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला मी मीठबंदराच्या रस्त्यानं खाडीपर्यंत गेले. आम्ही दोघी जायचो. वाटेत मनाशी हिशोब मांडला, की रिचार्ज संपायला चार दिवस आहेत. केलं नाही तर नंबर मुका होईल. मुका नंबर सुरू करायला तिला स्वतःला इथे यावं लागेल, आधार कार्ड घेऊन, अंगठा द्यायला. म्हणजे मी काहीच न करता तिला इथे आणता येईल. फक्त विसरायचं. माझ्या वयाच्या बाईवर विसरल्याचा संशय कुणी घेत नाही. खाडीच्या काठावर उभी राहून मी या योजनेकडे बघितलं. ती चांगली योजना होती. मैत्रिणीबद्दल इतकी चांगली योजना आपल्याला सुचते, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

त्या संध्याकाळी साडेसातला फोन आला. तिनं आकडे मागितले नाहीत.

"मला एक सांग," ती म्हणाली. तिचा काउंटरवरचा आवाज होता. "तो फोन तुझ्या खिडकीत सहा महिने आहे. एकदा तरी रेंज गेली होती?"

"नाही."

"काल गेली होती?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अगं, चौतीस वर्षं मी काउंटरवर काढली. कागद आलेला नाही, असं कोण कसं म्हणतं ते मला आवाजावरून कळतं. तू वाचलास ना मेसेज?"

"वाचला."

"मग?"

"मग काय? गॅस परत करतेस आणि मला बटाट्याची भाजी सांगतेस."

तिकडे कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

"सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी? सिलेंडर न्यायला माणूस आल्यावर?"

"तुला सांगायचं म्हटलं की तोंडातून भाजीच निघते. काय करू?" मग ती भराभरा बोलायला लागली. "हे बघ, मला कुणी डांबून ठेवलेलं नाही. लेकानं एकदाही राहा म्हटलं नाही. ते बिचारे घाबरून आहेत, मी राहते म्हणाले तर काय म्हणायचं म्हणून. मीच ठरवलं. मागच्या महिन्यात मी बाथरूममध्ये घसरले. लागलं नाही काही. पण सून दोन मिनिटांत आली. तिथे घसरले असते तर?"

"मी आले असते."

"तू झोपेची गोळी घेतेस."

"दुपारी घसरलीस तर नाही घेत."

"आणि उचलणार कोण मला? तू? तुझ्याच्यानं पिठाचा डबा उचलत नाही. आपण दोघी पडलो असतो तिथे, आणि खालच्या मजल्यावरचे म्हणाले असते, यांचा सिनेमा चाललाय." ती हसायला गेली, पण ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "इथे मी दार उघडते ना सकाळी, तर समोर रस्ता आहे. नुसता रस्ता. तुझं दार नाही. एवढंच सांगते. याच्यापुढे मला बोलायला लावू नकोस."

मी बोलायला लावलं नाही. माझ्या मनात पुष्कळ मुद्दे होते. हाताखाली कुणीतरी ठेवू, रात्री दोन्ही दारं नुसती लोटून झोपू, घंटा बसवू. हे सगळे मुद्दे माझ्या बाजूचे होते, तिच्या गुडघ्यांच्या बाजूचा त्यात एकही नव्हता.

"पाठव," मी म्हणाले.

टुणकन झालं.

"चार, शून्य, सात," मी वाचलं.

"चार, शून्य, सात."

"सात, एक, नऊ."

"सात, एक, नऊ," ती म्हणाली. मग, "झालं."

चौथ्या दिवशी मी रिचार्ज केलं.

पुढच्या आठवड्यात एजन्सीचा माणूस आला. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होतीच. सहा महिने मी ते घर फक्त झाडून घेत होते, त्यामुळे त्यात स्वच्छ असण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. त्यानं ओट्याखालून दोन्ही सिलेंडर ओढून काढले, रेग्युलेटर पिशवीत टाकला आणि मशीन पुढे करून म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा, तुमच्या नंबरवर आला असेल."

"माझा नंबर नाही. त्या बाहेरगावी असतात."

"मग तुम्ही कोण त्यांच्या?"

त्याच्या मशीनमध्ये यासाठी काही पर्याय होते का, मला माहीत नाही. "शेजारी," मी म्हणाले आणि आकडे वाचून दाखवले. त्यानं ते टाकले, एक सिलेंडर खांद्यावर घेतला आणि दुसरा जिन्यातून पायरीपायरीनं उतरवत गेला. तो आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतर तिच्या मुलानं एकेक खातं तिकडच्या नव्या नंबरावर नेलं. बँक, मेल, विमा. प्रत्येक वेळी आधी जुन्या नंबरवर आकडे यायचे, हा बदल आपणच करत आहात ना याची खातरी करायला. ते मी वाचायची. मुलगा फार सभ्य. दर वेळी "सॉरी काकू, तुम्हाला त्रास" म्हणायचा. आठ-दहा दिवस तो आणि मी रोज बोलत होतो, आणि तो सव्वा वर्षाचा असताना मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय हे आम्ही दोघंही एकदाही बोललो नाही.

शेवटचं खातं झाल्यावर ती फोनवर आली. "आता रिचार्ज करू नकोस," म्हणाली. "उगाच. तिथे काही येणार नाही आता. फोन कुणाला तरी देऊन टाक."

"बरं."

"आणि मी करेन गं फोन."

"हो, कर."

अठ्ठावीस दिवस संपले. नंतरही काही दिवस चष्म्याचे आणि तीन खोल्यांच्या घराचे संदेश येत राहिले, मग तेही थांबले. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. एका शुक्रवारी साडेसात वाजता माझ्या लक्षात आलं, की साडेसात महिन्यांत मी तिला एकदाही आपणहून फोन केलेला नाही. दर वेळी तीच करायची, कारण गरज तिची होती, अशी माझी समजूत होती.

मी केला. बराच वेळ वाजत राहिला. मग तिच्या सुनेनं उचलला.

"काकू? आई बागेत गेल्यात, त्या सगळ्या बायकांबरोबर. फोन घरीच विसरल्या." मग थोड्या काळजीनं, "काही ओटीपी आलाय का?"

"नाही," मी म्हणाले. "ओटीपी काही नाही."

"मग काही निरोप सांगू का त्यांना?"

मी जरा विचार केला. कुकर उतरवून झाला होता. समोरच्या घरात आता भाडेकरू येणार आहेत असं सेक्रेटरी सकाळी म्हणाले होते, पण ते तिला मुलाकडून कळलंच असेल.

"भाजी काय केलीस आज, ते विचार," मी म्हणाले.

"काकू, भाजी तर मीच केलीय," सून म्हणाली. "दोडक्याची."

ती कशी केली, हे मग तिनं मला नीट, सावकाश सांगितलं. तिला घाई नव्हती. तीही घरी एकटीच होती.